पंपाचं इंजिन की ईसीएमचं? जुनी बस घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला असा समजला. दोन जुन्या बस समोर आहेत, दोन्ही मागच्या इंजिनाच्या, दोन्ही चालू. एकीला डिझेल दाबून सोडणारा मेकॅनिकल पंप आहे, दुसरीला पहिल्या पिढीतलं ईसीएमवालं इंजिन, म्हणजे डिझेल कधी आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटरने ठरवणारं. जाणकारांनी तुम्हाला सांगितलंय की पंपवाली घ्या, ती रस्त्यात कुठेही पान्ह्याने सुरू होते. कॉम्प्युटरवाली एकदा बसली की ओढूनच आणावी लागते. त्यावर तुमची शंका अशी की हे खरं असेल, तर झाडून सगळ्या कंपन्यांनी पंप सोडला कशाला? नुसत्या धुराच्या नियमांपायी?

माझा हात आधी पंपावर बसला. पंप खोलणं, बांधणं, कॅलिब्रेट करणं यात सोळा-सतरा वर्षं गेली. मग गाड्या बदलल्या आणि पुढची जवळपास तेवढीच वर्षं मीटर आणि वायरिंगचा नकाशा घेऊन गाडीखाली गेली. दोन्हींचं मला कौतुक आहे आणि दोन्हींनी मला रडवलंही आहे. तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर असतो. खालचा कॅम त्याला दर वेळी तेवढाच वर उचलतो. मग डिझेल कमी-जास्त कसं होतं? प्लंजरच्या अंगावर एक तिरपी खाच कापलेली असते. रॅक, म्हणजे पंपातली दातेरी पट्टी, सरकला की प्लंजर स्वतःभोवती जरासा फिरतो आणि ती खाच बॅरलच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते. खाच भोकाला लागली की दाब सुटतो आणि फवारा तिथेच संपतो. म्हणजे अख्ख्या बसचं डिझेल एका तिरप्या खाचेवर ठरतं. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी. बॉशने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि पुढची साठेक वर्षं मूळ कल्पना बदलावी लागली नाही. पंप रूममध्ये नवीन आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी जुना प्लंजर हातात द्यायचो आणि ती खाच बोटाने चाचपायला सांगायचो. ज्याला ती कळली त्याला पंप कळला.

पण या पंपाला दोनच गोष्टी कळतात, इंजिन किती फेऱ्यांवर आहे आणि ड्रायव्हरचा पाय कुठे आहे. गव्हर्नरची, म्हणजे फेऱ्या आवरणाऱ्या यंत्रणेची, वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग त्यांना आत ओढते, दोघांच्या ओढाताणीत रॅक जागेवर थांबतो. हवा किती आली, थंड की गरम, इंजिन तापलंय की आत्ताच चालू केलंय, गाडी समुद्रसपाटीवर आहे की तीन हजार मीटरवर, याचा त्याला पत्ता नसतो. तीन हजार मीटरवर हवेचा दाब सपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो, पंप मात्र डिझेल सपाटीचंच देतो. टर्बो नसलेली गाडी तिथे काळा धूर सोडते तो याचमुळे. टर्बो आल्यावर पंपाच्या पाठीवर एक डायफ्राम बसवला. मॅनिफोल्डमधला दाब वाढेपर्यंत तो रॅकला पुढे जाऊ देत नाही. चांगला उपाय, पण डायफ्राम फाटला की गाडी मेल्यासारखी चालते, आणि बरेच मिस्त्री तो दुरुस्त करायचं सोडून बाद करतात. मग स्टॉपवरून निघताना बसच्या मागे काळा पडदा.

आता टायमिंग. फवारा थोडा आधी सोडला तर डिझेल नीट जळतं, काजळी कमी, अ‍ॅव्हरेज चांगलं. पण आतलं तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. उशिरा सोडला तर ते कमी होतात, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त पितं. पंपावरचं टायमिंग डिव्हाइस फक्त फेऱ्या बघून पुढे-मागे होतं. त्यामुळे पंप बांधताना एक तडजोड ठरवायची आणि गाडीने ती जन्मभर पाळायची. थंड सकाळी, चढावर, रिकाम्या गाडीत, भरलेल्या गाडीत, सगळीकडे तीच.

ही तडजोड नियमांनी अशक्य केली. अमेरिकेत जड इंजिनांच्या काजळीची मर्यादा १९८८ मध्ये ०.६० होती, ग्रॅम प्रति ब्रेक हॉर्सपॉवर-तास. १९९१ ला ती ०.२५ झाली. १९९४ ला ट्रकना ०.१० आणि शहरातल्या बसना त्याहून कडक, ०.०७. बसला वेगळा आणि कडक आकडा, कारण बस माणसांच्या गर्दीत थांबते आणि तिथूनच पिकअप घेते. युरोपात १९९२ च्या युरो १ पासून युरो ६ पर्यंत येताना नायट्रोजन ऑक्साइड किलोवॅट-तासाला ८ ग्रॅमवरून ०.४ वर आणले. काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही एकदम खाली हवेत, म्हणजे दर क्षणाला टायमिंग आणि डिझेल वेगळं ठरवायला हवं. सुरुवातीचे एक-दोन टप्पे पंपवाल्यांनी जास्त दाब, टर्बो आणि इंटरकूलरच्या जोरावर काढले. पुढे ते जमेना. तेव्हा तुमच्या शंकेचं उत्तर असं की हो, धक्का नियमांनीच दिला. नियम नसते तर कंपन्यांनी आणखी वीस वर्षं पंप विकला असता, असं माझं मत. पण एकदा तो रस्ता धरल्यावर बसला ज्या गोष्टी मिळाल्या, त्या नियमांत कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे नंतर येतो.

बदल एका रात्रीत झाला नाही, आणि इथेच तुमच्या सल्लागारांची गल्लत होते. 'इलेक्ट्रॉनिक' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गाड्या येतात.

पहिली पिढी अशी की दाब जुन्याच पद्धतीने, हुकूम फक्त नवीन. जनरल मोटर्सच्या ७१ मालिकेची टू-स्ट्रोक इंजिनं १९३८ पासून होती आणि कित्येक दशकं बसमध्ये चालली. त्यांना वेगळा इनलाइन पंप नव्हताच. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर युनिट इंजेक्टर, म्हणजे पंप आणि नोझल एकाच तुकड्यात, वरून रॉकर त्याला दाबायचा, आणि डिझेल कमी-जास्त करायला आत तीच तिरपी खाच आणि रॅक. त्यामुळे डेट्रॉइट डिझेलला उडी सोपी गेली. त्यांनी खाच काढली आणि सोलेनॉइडची, म्हणजे विजेने हलणारी, झडप बसवली. १९८५ मध्ये ही प्रणाली आली आणि १९८७ च्या सिरीज ६० मध्ये ती पहिल्या दिवसापासून इंजिनाचाच भाग होती. प्लंजर अजूनही कॅमशाफ्टच दाबतो. ईसीएम फक्त सांगतो की झडप आता मिट, आता उघड. मिटल्यापासून उघडेपर्यंत फवारा. खाच जे पोलादात कापून ठेवत होती, ते आता मिलिसेकंदात ठरतं. तुमच्या समोरची दुसरी बस बहुधा याच जातीची आहे.

दुसरी पिढी कॉमन रेलची. दाब एका पंपात तयार होतो, रेलमध्ये साठतो आणि इंजेक्टर हवं तेव्हा, एका फेरीत तीन-चार वेळासुद्धा, उघडतात. डेन्सोची कॉमन रेल १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकमध्ये आली, बॉशची १९९७ मध्ये मोटारीत. सुरुवातीला १३५० बारच्या आसपास, आता २००० च्या वर. मध्येच एक वेगळी जात होऊन गेली, ज्यात इंजेक्टरला दाब द्यायला इंजिन ऑइलच वापरलं. ती गाडी ऑइल जुनं किंवा पातळ झालं की सुरू व्हायला कटकट करते आणि नवीन माणूस डिझेलची लाइन तपासत बसतो.

तिसऱ्या पिढीत या सगळ्याच्या मागे ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणं), काजळीचा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडायला धुरात सोडायचा युरिया आले. लोक ज्या गोष्टींना शिव्या घालतात, म्हणजे रस्त्यात ताकद कापली गेली, फिल्टर भरला, युरियाचा सेन्सर गेला, त्यातल्या बहुतेक या तिसऱ्या पिढीच्या आहेत. त्यांचा दोष इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक असण्याचा नाही, सायलेन्सरच्या जागी रसायनांचा कारखाना बसवल्याचा आहे. पहिल्या पिढीच्या गाडीला यातलं काहीच नसतं. तुम्हाला ऐकवलेली गोष्ट कुठल्या गाडीची होती, ते एकदा सांगणाऱ्याला विचारा.

आता बसला काय मिळालं ते. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये ड्रायव्हर आणि पंप यांच्यात दहा-बारा मीटर अंतर. ते अंतर पूर्वी केबलने, रॉडने नाहीतर हवेच्या सिलिंडरने जोडलेलं असायचं. केबल ताणते, पुलीत माती बसते, थंडीत ग्रीस घट्ट होतं. हवेच्या थ्रॉटलला तर पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उसळी. उभ्या प्रवाशांना विचारा. ईसीएम आल्यावर हे सगळं जाऊन तीन-चार वायर राहिल्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही पूर्वी ड्रायव्हरचा पाय कळायला वेगळी मॉड्युलेटर केबल लागायची आणि ती चुकीची बसली की गिअर उशिरा पडून क्लच जळायचे. आता गिअरबॉक्स इंजिनाशी थेट बोलतो आणि गिअर बदलताना क्षणभर ताकद कमी करून घेतो. जुन्या बसमधून नव्या बसमध्ये बसलेल्याला जाणवणारा मोठा फरक आवाजाचा नसतो, गिअर बदलतानाच्या या धक्क्याचा असतो.

आणि मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे पाणी किंवा ऑइलचा दाब गेला की इंजिन स्वतःला आवरतं. मागच्या इंजिनातला होज फुटला तर ड्रायव्हरला ना वाफ दिसते ना वास येतो. मेकॅनिकल इंजिन जाम होईपर्यंत पळत राहतं. अशी किती इंजिनं मी उघडली असतील, मोजलेली नाहीत. ड्रायव्हर म्हणतो, काटा थोडा वर होता. इथे पिस्टन लायनरला चिकटलेला असतो.

आता मुद्द्याचं, रस्त्यात बंद पडणं. पंपवाल्या गाडीच्या बाजूने जे सांगितलं जातं ते खरं आहे. डिझेल, हवा आणि फिरणारी क्रँक एवढं असेल तर ती चालते. फिल्टर चोंदला, लाइनमध्ये हवा धरली, तर फीड पंपाचा हँड प्रायमर मारायचा, ब्लीडिंग स्क्रू सोडायचा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा. कमिन्सच्या पीटी पंपावर शट-ऑफ व्हॉल्व्हला हाताने फिरवायचा स्क्रूच दिलेला असतो, म्हणजे सोलेनॉइड जळलं तरी तो आत फिरवून गाडी घरी आणता येते. ईसीएमच्या गाडीत अशी मागची दारं नाहीत. क्रँक आणि कॅमचा सिग्नल नाही, तर फवारा नाही. बारा व्होल्टच्या गाडीत स्टार्टर मारताना ईसीएमला मिळणारा व्होल्टेज नऊच्या खाली गेला की बरेच ईसीएम झोपतात. स्टार्टर गरगर फिरतोय आणि इंजिन मात्र पेटत नाही, असं दिसलं की लोक पंप उघडायला निघतात. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर आधी बघा.

पण ईसीएमच खराब निघणं मला क्वचित दिसलं आहे. जे दिसतं ते वायर, कपलर आणि अर्थ. एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या निर्णयाचा निम्मा भाग तिच्यात आहे.

एक बस यायची, तिची तक्रार अशी की सपाटीवर दिवसभर ठणठणीत, चढाला लागली की पेडल दाबलेलं असताना इंजिन आयडलवर यायचं. दोन-तीन सेकंदांनी परत ठीक. ती माझ्याकडे येईपर्यंत दुसरीकडे ऑइल प्रेशरचा सेन्सर, बूस्टचा सेन्सर, पेडल आणि शेवटी अख्खा ईसीएम बदलून झाला होता. स्कॅनर लावला तर तीन कोड (ईसीएमने नोंदलेल्या दोषांचे आकडे) साठलेले, तिन्ही वेगवेगळ्या सेन्सरचे, तिन्ही एकाच सेकंदाला नोंदलेले. तीन सेन्सर एकाच सेकंदाला मरत नाहीत. या सेन्सरना ईसीएम पाच व्होल्टचा एक पुरवठा देतो, आणि त्यातली एक वायर जरी गाडीच्या लोखंडाला टेकली तरी त्या पुरवठ्यावरचे सगळे एकदम आंधळे होतात. त्या गाडीत पेडलही त्याच पुरवठ्यावर होतं. पेडलचा सिग्नल गेला की ईसीएम शहाणपणाने आयडल पकडतो, ड्रायव्हरला वाटतं गाडी मेली.

पण चढालाच का? मी पाच व्होल्टच्या लाइनला मीटर लावला, बस जागेवर उभी करून फूटब्रेक पूर्ण दाबायला लावला आणि गिअरमध्ये टाकून काही सेकंद अ‍ॅक्सिलेटर द्यायला सांगितलं. इंजिन जोर लावलं की माउंटिंगवर एका बाजूला कलतं. कललं, आणि मीटर पाचवरून शून्याजवळ आला. पाय काढला, परत पाच. मग शोधायला अर्धा तास लागला. ऑइल फिल्टरच्या मागे एका ब्रॅकेटची धार हार्नेसला, म्हणजे वायरच्या जुडग्याला, घासत होती आणि एका वायरचं आवरण तिळाएवढं उडालं होतं. सपाटीवर इंजिन एवढं कलत नाही, म्हणून वायर टेकत नव्हती. वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली, हार्नेस क्लिपने दोन बोटं लांब बांधला. सामान म्हणाल तर मूठभरसुद्धा नाही. आणि त्याआधी जे बदललं होतं, त्या ढिगातला प्रत्येक भाग चांगला होता.

म्हणून माझं म्हणणं असं की ईसीएमच्या गाडीला कॉम्प्युटर इंजिनिअर लागत नाही, वायर वाचणारा माणूस लागतो. कोड हा आरोपी दाखवत नाही, तक्रार करणारा कोण तेवढं सांगतो. जुन्या डेट्रॉइटमध्ये तर स्कॅनरही लागत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, दोन लुकलुक, मग पाच, म्हणजे २५, आणि २५ चा अर्थ 'कोड नाही'. पहिल्यांदा मी तो २५ घेऊन पुस्तकात दोष शोधत बसलो होतो.

आता दुसरी बाजू, जी पंपाचे भक्त सांगत नाहीत. पंप रस्त्यात सुरू करता येतो, पण रस्त्यात नीट करता येत नाही. त्याला टेस्ट बेंच लागतो. पंप बेंचवर बांधायचा, ठरलेल्या फेऱ्यांवर फिरवायचा, समोर आकडे कोरलेल्या काचेच्या नळ्या. ठरावीक स्ट्रोक झाले की डिझेल थांबतं आणि सहाही नळ्यांची पातळी डोळ्यासमोर आणून बघायची. एखादी नळी दोन-तीन घन सेंटिमीटरने कमी असली तर तिचा कंट्रोल स्लीव्ह सोडून किंचित फिरवायचा, परत मोजायचं. मग दुसऱ्या फेऱ्यांवर, मग आयडलवर, मग गव्हर्नर कुठे तोडतो ते. चांगल्या हाताला यात अर्धा दिवस जातो. असे बेंच आणि असे हात आता कमी होत चाललेत. तेव्हा 'कुठेही दुरुस्त होतो' हे वाक्य ज्या काळात खरं होतं, तो काळ बराचसा गेला आहे. जुन्या ईसीएमचे सुटे भाग मिळणं अवघड होतंय हेही तितकंच खरं, ते मी लपवत नाही.

शिवाय मेकॅनिकल पंप कुणालाही छेडता येतो. एका बसचा, जास्तीत जास्त डिझेल किती ते ठरवणारा, फुल-लोड स्क्रू कुणीतरी सील तोडून आत फिरवला होता. पिकअप वाढला, ड्रायव्हर खूश, मालक खूश. धूर होता, पण जुनी गाडी म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चारेक महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती एका सिलिंडरमधून खडखडाट घेऊन. हेड काढलं तर पिस्टनच्या माथ्याला मेणासारखा खड्डा. मालक कंपनीच्या पिस्टनला बोल लावत होता. मी त्याला पंपाची तुटलेली सीलची तार दाखवली.

डिझेलबद्दल एवढंच की दोघांनाही पाणी मारतं, पण मारण्याचा वेग वेगळा. जुना पंप पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत गंजतो, कॉमन रेलचा इंजेक्टर एका टाकीत जाऊ शकतो. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा नळ रोज सकाळी सोडायची सवय नसेल तर कॉमन रेलच्या नादी लागू नका.

जुन्या हाताच्या माणसाला एक गोष्ट बजावून सांगतो. पंपवाल्या गाडीत कुठला सिलिंडर मिस करतोय ते शोधायला आम्ही एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करायचो. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. ही सवय कॉमन रेलच्या गाडीवर चुकूनही नेऊ नका. दीड-दोन हजार बारचा तुषार कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल. तिथे सिलिंडर कापायची चाचणी स्कॅनरवरूनच होते, आणि खरं सांगायचं तर ती नटापेक्षा चांगली सांगते. इंजेक्टरच्या वायरनाही इंजिन चालू असताना हात लावायचा नाही, बऱ्याच प्रणाल्यांत तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असतो. आणि बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडा, ईसीएमचे कपलर काढा, वेल्डिंगचा अर्थ कामाच्या शेजारी लावा. हार्नेसवर प्रेशरने पाणी मारू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला माहीत नाहीत: गाडीखाली कोण झोपणार, आणि गाडी घरापासून किती लांब जाणार. तुम्ही स्वतः हात काळे करणार असाल, पंपाचा बेंच तुमच्या आवाक्यात असेल आणि फेऱ्या जवळच्या असतील, तर पंपवाली घ्या, आनंदाने चालवा. लांबचे पल्ले, चढ-उतार आणि वेगवेगळे ड्रायव्हर असतील तर मी पहिल्या पिढीची ईसीएमवाली घेईन. ती इंजिन वाचवते, उंचीवर धूर कमी करते, आणि मागे फिल्टर-युरियाचा संसार नाही. कारखान्याचा पंप एकदाही न उघडलेली गाडी मात्र मिळाली, तर हा सगळा हिशेब मी पुन्हा करेन.

पण पिढीपेक्षा गाडीची अवस्था मोठी. पंपवाली बघताना सील शाबूत आहेत का, थंड इंजिन किती फेऱ्यांत धरतं, आयडल हेलकावे खातं का, आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का ते बघा. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर ती गाडी सोडून द्या. ईसीएमवाली बघताना स्कॅनर नेणारा माणूस सोबत न्या. आत एकूण तास, आयडलचे तास आणि जुने कोड साठलेले असतात, आणि विकणाऱ्याने नुकतेच कोड पुसले असतील तर तेही संशयास्पद. मागचा जंक्शन बॉक्स उघडून कपलरच्या पिनांवर हिरवं काही आहे का बघा. हार्नेसमध्ये कुणी मध्येच गाठी मारून इन्सुलेशन टेप गुंडाळली असेल, तर तिथे तुमच्या पुढच्या दोन वर्षांच्या तक्रारी दडलेल्या आहेत.

मला तीन गोष्टी कळवा, मग नेमकं सांगता येईल. दोन्ही इंजिनांच्या प्लेटवरचं मॉडेल आणि वर्ष. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ, धूर दिसेल असा. आणि ईसीएमवालीच्या स्टार्टर मारतानाच्या व्होल्टेजचे दोन आकडे, एक बॅटरीच्या टोकांवर आणि दुसरा ईसीएमच्या कपलरपाशी. या दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वायरिंगचं काम निघणार असं धरा, आणि किंमत ठरवायच्या आधी ते आकडे विकणाऱ्यासमोर ठेवा.